वीस सेकंदांची तराई

नागभीडला खताच्या दुकानावर माझा दवाखाना.
जिना इतका अरुंद की युरियाचं पोतं वर येत नाही,
वास मात्र येतो.

लटारू मिस्त्री खुर्चीत बसले ते पाय खालीच ठेवून,
चपलांना सिमेंट होतं म्हणून.
खालची उजवी दाढ. आत चांदी भरलेली,
कोण्या शिबिरातली, पंचवीस वर्षं जुनी,
अजून ठणठणीत.
फुटली होती ती तिच्या बाजूची भिंत.
आरसा धरला. बराच वेळ बघत राहिले.
"म्हंजे माल चांगला होता. भित्त कमी पडली."

मग मी त्यांना आकडे सांगितले,
एरवी कुणाला सांगत नाही.
तुमचा स्लॅब वीस मेगापास्कल धरतो,
दाताचं कवच पावणेचारशेच्या वर.
त्यांनी चूळ भरली.
"मंग फुटते काहून?"

दाबाला पक्कं, म्हटलं, ताणाला कच्चं.
मिस्त्री उठूनच बसले.
"हे त आमचंच झालं! म्हनून त सळाख टाकतो."
मी सळाख दाखवली: काचेच्या तंतूंची,
धानाच्या दोन दाण्यांएवढी लांब.
त्यांनी ती चिमटीत धरून वाकवून पाहिली,
आणि काही न बोलता परत दिली,
पोराला पहिली थापी देतात तशी.

तीन फेऱ्यांत नस काढली, मूळ धुतलं.
चौथ्या बुधवारी आम्लाची जेल लावली,
पंधरा सेकंद. कवच खडूसारखं पांढरं पडलं.
तोंडात कापूस, बोलता येईना,
तर हवेतच छिन्नी चालवून दाखवली.
टाचे.
हो, टाचेच. जुन्यावर नवं धरायचं
तर आधी जुन्याला ओरखडावं लागतं.

लेप थरांनी भरला, दोन-दोन मिलिमीटर;
एकदम ओतला तर आवळतो, कडेला फट सोडतो.
दर थरावर निळा उजेड, वीस सेकंद.
कापूस काढल्या काढल्या पहिलं वाक्य:
"वीस सेकंदात तराई?
आमी एकवीस दिवस बारदाना ओला ठेवा म्हनतो,
अन् मालक तिसऱ्याच दिवशी मोटर बंद करते."

टोपी कोणती बसवायची यावर अडलो.
झिरकोनिया सगळ्यात कठीण, मी म्हणाले.
"अन् वरच्या दाताचं काय?"
कधीच कुणी विचारलं नव्हतं.
नीट घासून गुळगुळीत केली नाही तर झिजवते, मी कबूल केलं.
त्यांनी साधी धातूची घेतली.

संक्रांतीनंतर आले. टोपी जागेवर,
हाडूक फुटतं, सुपारीही (नको म्हटलं होतं).
तरी तक्रार होती.
"पक्का झाला, डॉक्टरीनबाई. पन मुका झाला."

तेव्हा कळलं. चाळीस वर्षं
रेतीची चिमूट ते याच दाढेखाली धरत होते.
कुरकुर वाजली तर नदीची, धुतलेली.
दबून बसली तर माती.
ठेकेदार चाळणी दाखवायचा, मिस्त्री दात.

हाडाला कळतं थोडंफार, नस नसली तरी,
असं मी सुरू केलं,
आणि वाक्य अर्ध्यात सोडलं.

त्यांनी खिशातून खर्ऱ्याची पन्नी काढली. आत रेती.
"अंगनवाडीच्या कामावर दोन गाड्या पाडल्या.
वैनगंगेची म्हनते थो.
तुमचे त सारे शाबूत हायेत ना?"

शिकताना मी यंत्राखाली छत्तीस नमुने फोडले होते,
चांदी, सिमेंट, लेप, एकेकाचा आकडा वहीत.
फुटताना प्रत्येकाचा आवाज वेगळा होता.
त्याला रकाना नव्हता.

चिमूट दाढेखाली घेतली.
खाली दुकानात कुणी पोतं आपटलं.
मिस्त्री खुर्चीच्या टोकाला आलेले.
"काय म्हनते?"

मी हात वर केला.
थांबा.